राखणदाराची भूक

वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात शिरपूर नावाचे मोठे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे लोक त्याला शिरपूर जैन म्हणतात. लांबलांबचे यात्रेकरू तेथे येतात. पण गावची बहुतेक मंडळी शेतकरी आणि शेतमजूर. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, हिवाळ्यात हरभरा आणि गहू. पीक उभे असले की रात्री रानडुकरे येतात, रोही येतात. मग माणसे जागलीला जातात. शेतात पिकाची राखण होते. पण गावातल्या घराची राखण कोणी करायची?

आजचा धडा या घराच्या राखणीचा आहे. तो आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका मावशींच्या घरी जे घडले, त्यातून तो आला आहे. मावशींचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांची हकिकत मात्र सांगतो.

मावशींच्या घरातला आवाज

मावशींचा मुलगा पुण्याला कारखान्यात कामाला आहे. दिवाळीला तो घरी आला, तेव्हा त्याने घराला गजराचे यंत्र बसवून दिले. भिंतीवर एक पांढरी पेटी. तिच्यात भोंगा. दाराच्या चौकटीला एक लहान डबी. यंत्र चालू करून घर बंद केले आणि मागून कोणी दार उघडले, की भोंगा मोठ्याने वाजायचा. सारी गल्ली जागी व्हायची. दोन महिने सगळे ठीक चालले.

पौषातली थंडी पडली. एके दिवशी पहाटे पेटी बोलू लागली. भोंगा नव्हे. बारीक आवाज. टुक. थोडा वेळ गप्प. पुन्हा टुक. पेटीवर एक पिवळा दिवाही लागला. दिवस वर आला, ऊन तापले आणि आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुरू.

मावशी वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पोरानं काय बसवून देलं बाप्पा! पहाटेपासून टुकटुक करते. मले तं वाटलं रातकिडा हाय. शेजारीण म्हणते, घरात काही बाहेरचं शिरलं."

आम्ही हसलो. म्हटले, "रविवारी येऊन बघू." ही आमची चूक झाली. त्याच रात्री जायला हवे होते.

मावशींनी वाट बघितली नाही. त्यांनी भिंतीतली पिन उपसून काढली. पेटी आणखी एक-दोन दिवस टुकटुक करीत राहिली आणि मग गप्प झाली. मावशींना वाटले, बला गेली.

शनिवारी रात्री मावशी आणि काका दोघेही हरभऱ्याच्या जागलीला गेले. घराला कुलूप होते. सकाळी परत आले, तर कुलूप तुटलेले. कपाट उघडे. सोयाबीनचे १८,००० रुपये गेले होते. मुलीच्या बाळंतपणासाठी ते बाजूला ठेवले होते. भोंगा वाजलाच नाही. शेजारच्यांना काही कळले नाही. पोलिसांत तक्रार दिली. हा धडा लिहीपर्यंत पैसे काही मिळालेले नाहीत.

मुलाने फोनवर विचारले, "आई, पिन काहून काढली?"

मावशी आम्हाला म्हणाल्या, "मास्तर, ते बिचारं सांगत होतं. म्याच ऐकलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्हीही मान खाली घातली. कारण सांगणाऱ्याचे आम्हीही ऐकले नव्हते.

पेटी काय सांगत होती?

जागल्याला भूक लागली, की तो काय म्हणतो? "पोटात काही नाही. थोड्या वेळाने माझा डोळा लागेल. भाकर आणून द्या." पेटीची टुकटुक म्हणजे हेच बोलणे. यंत्राची भाकर म्हणजे वीज. ती सेलमध्ये आणि बॅटरीत साठवलेली असते. साठा संपत आला, की पेटी आधीच इशारा देते. त्या इशाऱ्याचा अर्थ 'यंत्र बिघडले' असा नाही. 'अजून वेळ आहे, पण उशीर करू नका' असा आहे.

कंदिलाचे बघा. तेल संपत आले की ज्योत फडफडते. तेव्हा आपण कंदिलावर रागावत नाही. तेल घालतो.

गजराचे यंत्र विजेच्या साठ्यावर चालवणे ही गोष्ट जुनी आहे. व्होल्टा नावाच्या इटलीतल्या शास्त्रज्ञाने १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडली. त्याच्याच नावावरून आपण व्होल्ट हा शब्द वापरतो. १८५३ साली अमेरिकेत पोप नावाच्या गृहस्थाने दारे-खिडक्यांना तारा जोडून विजेचा गजर तयार केला. दार उघडले की घंटी वाजे. तोही बॅटरीवरच चाले. म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत या राखणदाराची भूक एकच आहे.

यंत्राचे भाग ओळखू

दुरुस्ती करण्याआधी यंत्राचे भाग माहीत पाहिजेत. मावशींच्या घरच्यासारख्या यंत्राचे दोन मुख्य भाग असतात.

पहिला भाग पेटी. ती घरच्या विजेवर चालते. तिची पिन भिंतीत असते. पण चोर काही लाईन असतानाच येतो असे नाही. म्हणून पेटीच्या पोटात एक बॅटरी असते. पुष्कळ पेट्यांत ती १२ व्होल्टची, सर्व बाजूंनी बंद अशी शिशाची बॅटरी असते. लाईन असली की ती भरते. लाईन गेली की ती पेटीला वीज पुरवते.

दुसरा भाग दारावरची डबी. तिला सेन्सर म्हणतात. तिचे दोन तुकडे असतात. एक चौकटीवर, दुसरा दाराच्या फळीवर. फळीवरच्या तुकड्यात लोहचुंबक असते. दार बंद असते तेव्हा चुंबक जवळ असते. ते डबीतल्या दोन बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून ठेवते. दार उघडले की चुंबक दूर जाते आणि पट्ट्या सुटतात. लगेच डबी पेटीला निरोप पाठवते. रेडिओसारखा, तारेशिवाय. मग पेटी भोंगा वाजवते.

निरोप पाठवायला डबीलाही वीज लागते. म्हणून तिच्यात एक लहान सेल असतो.

आता लक्षात आले ना? राखणदार एक नाही, दोन आहेत. एक दारात, एक भिंतीवर. दोघांची पोटे वेगळी. मावशींच्या घरी आधी दारावरच्या डबीचा सेल संपत आला होता. त्याची खबर पेटी देत होती. पिन काढल्यावर पेटीला नवी वीज मिळेना. ती पोटातल्या बॅटरीवर चालत राहिली. तीही रिकामी झाली. मग दोन्ही राखणदार झोपले.

टुकटुक पहाटेच का?

मावशींना हेच कोडे पडले होते. दिवसा गप्प, पहाटे आवाज. यात भुताखेताचे काही नाही. सेलमध्ये रसायने असतात. त्यांच्यापासून वीज होते. थंडी वाढली की हे काम मंद होते आणि सेलचा जोर कमी पडतो. रात्रीतली सर्वांत जास्त थंडी पहाटे असते. अशक्त सेल तेव्हा आधी दम टाकतो. ऊन आले की त्याला थोडी ऊब मिळते, थोडा जोर येतो आणि इशारा थांबतो.

म्हणून दिवसा आवाज बंद झाला तर 'बरे झाले' असे समजू नका. ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नसते.

इशारा आला की काय करावे?

आता एक-एक पायरी नीट वाचा. घाई करू नका.

१. आधी पिन बघा. पिन भिंतीत घट्ट बसली आहे ना? बटण चालू आहे ना? पुष्कळ घरांत मोबाईल भरण्यासाठी कोणीतरी पेटीची पिन काढते आणि परत लावायला विसरते. पिन निघालेली असेल तर लावा.

२. इशारा कोणाचा आहे ते बघा. पेटीवर दारे-खिडक्यांचे आकडे असतात. १ या आकड्याजवळ पिवळा दिवा असेल, तर पहिल्या दाराच्या डबीचा सेल संपत आला आहे. बॅटरीच्या चित्राजवळ दिवा असेल, तर पेटीच्या पोटातली बॅटरी कमी झाली आहे. सगळ्या पेट्या सारख्या नसतात. यंत्रासोबत आलेला माहितीचा कागद फेकू नका. आता आपल्याला वाचता येते. तो कागद आपल्यासाठीच आहे.

३. पेटीची बॅटरी असेल, तर तिला वेळ द्या. लाईन फार वेळ गेली असेल, तर बॅटरी रिकामी होणारच. लाईन आल्यावर एक रात्र आणि एक दिवस, म्हणजे २४ तास, पिन लावून ठेवा. पुष्कळदा इशारा आपोआप जातो.

४. नाही गेला, तर परीक्षा घ्या. २४ तास भरल्यावर पिन काढा. चांगली बॅटरी पेटीला कित्येक तास जागी ठेवते. पाच-दहा मिनिटांत पेटी मेली, तर बॅटरी म्हातारी झाली. ती बदलावी लागेल. अशा बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षे टिकतात. फार दिवस रिकाम्या पडल्या तर त्याआधीच खराब होतात. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि बॅटरी पुन्हा नीट भरत नाही. परीक्षा झाली की पिन परत लावायला विसरू नका.

गावात वायरमनकडे वीज मोजण्याचे यंत्र असते. त्याला मीटर म्हणतात. पिन काढून एक-दोन तासांनी मीटर लावा. आकडा १२.७ च्या आसपास आला, तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली आला, तर ती जवळजवळ रिकामी आहे. पिन लावलेली असताना मोजू नका. तेव्हा १३.५ च्या आसपास आकडा दिसतो. तो बॅटरीचा जोर नसतो, भरणाऱ्या विजेचा असतो.

५. डबीचा सेल असेल, तर तो बदला. सेल भरता येत नाही. आधी यंत्राची राखण बंद करा. म्हणजे 'घरी आहोत' असे बटण दाबा. नाहीतर डबी उघडताच भोंगा वाजेल आणि गल्ली गोळा होईल. मग झाकण काढा. जुना सेल बाहेर काढा. सेलच्या जागी दोन बारीक पत्रे असतात. त्यांवर मळ किंवा हिरवट पूड असेल, तर कोरड्या कपड्याने पुसा. ओले फडके लावू नका.

६. नवा सेल त्याच बाजूने घाला. सेलवर एका बाजूला अधिकाचे चिन्ह असते. असे: +. डबीतही तेच चिन्ह असते. चिन्हाला चिन्ह मिळवा. उलटा घातला तर सेल नवा असूनही डबी मुकीच राहील. एकाच डबीत दोन सेल असतील, तर दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना असे करू नका. थकलेल्या बैलाशेजारी ताजा बैल जुंपला तर औत नीट चालत नाही.

७. शेवटी दार उघडून बघा. शेजाऱ्यांना आधी सांगा, "भोंगा वाजेल, घाबरू नका." राखण चालू करा. बाहेर जा. दार उघडा. भोंगा वाजला म्हणजे काम झाले. दिवा गेला एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कानाने ऐका.

सेलवरचा आकडा

मावशींच्या डबीत पैशाएवढा चपटा, गोल सेल होता. त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते: सीआर २०३२. सेलवर ही अक्षरे आणि अंक इंग्रजी वळणाचे असतात. मावशींना मराठी अंक येऊ लागले होते. इंग्रजी अंक आम्ही त्यांना त्या दिवशी शिकवले. त्यांनी ते चिठ्ठीवर जसेच्या तसे उतरवून घेतले.

या आकड्यात सेलचे माप आहे. २० म्हणजे सेल २० मिलिमीटर रुंद. ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. तसाच दुसरा सेल असतो २०२५. तोही २० मिलिमीटर रुंद. पण जाडी २.५ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण पातळ सेल डबीत सैल बसतो. कधी पत्र्याला टेकतो, कधी टेकत नाही. मग डबी कधी बोलते, कधी गप्प बसते. असा राखणदार नसलेला बरा, कारण त्याच्या भरवशावर आपण निर्धास्त राहतो.

मावशी दुकानात गेल्या. आम्ही सोबत होतो, पण मागे उभे राहिलो. दुकानदाराने सेल दिला. मावशींनी तो उजेडात धरला. चिठ्ठी काढली. एकेक अंक बोटाने लावून बघितला. मग म्हणाल्या, "दादा, हा नाही. याच्यावर दोन, शून्य, दोन, पाच हाय. मले दोन, शून्य, तीन, दोन पायजे."

दुकानदाराने सेल परत घेतला. बघितला. म्हणाला, "बरोबर हाय मावशी. माहीच चूक झाली." आणि दुसरा सेल दिला.

त्या दिवशी मावशी वर्गात ताठ बसल्या होत्या. गेलेले पैसे परत आले नव्हते. पण पेटीची नवी बॅटरी आली होती, डबीचा सेल बसला होता आणि भोंगा वाजला होता. घरी गेल्यावर त्यांनी एका कागदाच्या पट्टीवर स्वतःच्या हाताने तारीख लिहिली आणि ती पेटीवर चिकटवली. सेल कधी घातला, ते आता विचारायला पुण्याला फोन करावा लागणार नाही.

पोरांना जपा

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हे गोल सेल चकचकीत दिसतात. लहान मूल ते तोंडात घालते. सेल गिळला आणि अन्ननळीत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजू शकतो. मूल दगावू शकते. म्हणून नवा सेल पोरांच्या हाती लागेल असा ठेवू नका. जुना सेलही ठेवू नका. गजराला न पुरणाऱ्या सेलमध्येही मुलाला इजा करण्याएवढी वीज उरलेली असते.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वेळ घालवू नका. उलटी करायला लावू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. सेलवरचा आकडा डॉक्टरांना सांगा.

जुन्या बॅटऱ्या चुलीत टाकू नका. त्या फुटतात. विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नका. शिसे विषारी असते. ते पाण्यात गेले तर माणसांना आणि गुरांना बाधते. शिशाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या. तिचे थोडे पैसेही मिळतात. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावावी, असे नियम आपल्या देशात २०२२ साली झाले आहेत.

शेवटचे सांगणे

यंत्र आले म्हणून शेजार सोडू नका. भोंगा वाजला तरी धावून येतो तो शेजारीच. गावाला जाताना, जागलीला जाताना, शेजारी सांगून जा. चोरी होताना दिसली तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवा. मोठी रक्कम घरात ठेवण्यापेक्षा बँकेत किंवा पोस्टात ठेवा.

आणि घरात कोणी बारीक आवाजात काही सांगत असेल, तर ते ऐका. ते यंत्र असो, म्हातारे माणूस असो, की वर्गातली मावशी असो. इशारा लहान असतो, तेव्हाच काम सोपे असते. आम्ही हे जरा उशिरा शिकलो. तुम्ही वेळेवर शिका.

आठवा आणि सांगा

१. मावशींच्या पेटीचा आवाज पहाटेच का येत होता?
२. पिन काढल्यावर पेटी लगेच बंद का झाली नाही?
३. २०३२ आणि २०२५ या सेलांत फरक कोणता?
४. सेल बदलल्यावर शेवटी काय करून बघावे?
५. मुलाने सेल गिळला तर काय करावे? काय करू नये?

लिहून काढा

खालची पट्टी आपल्या वहीत लिहा. मग तशीच पट्टी घरातल्या यंत्रावर चिकटवा. गजराचे यंत्र नसेल, तर घड्याळाला किंवा विजेरीला चिकटवा.

सेलचा आकडा: ..........
सेल घातला ती तारीख: ..........
पुन्हा बघण्याची तारीख: ..........
सेल घालणाऱ्याची सही: ..........

सही करा. अंगठा नको.